"मंगळवारी या" म्हणणं बंद केलं त्याची गोष्ट (आणि एक प्रश्न)

सुईदोरा_सातारा

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. मोबाईलवरून टाइप करतेय आणि मधेमधे गिऱ्हाईक येतंय, तेव्हा शुद्धलेखन सांभाळून घ्या.

साताऱ्यात माझं लेडीज टेलरिंगचं दुकान आहे. ड्रेस, फॉल-पिको सगळं असतं पण मुख्य ब्लाउजच. सोळा वर्षं झाली. मी, दोन कारागीर पीसवर (म्हणजे नगाप्रमाणे मजुरी), आणि हुक-हातशिलाईचं काम दोन बायका घरी नेऊन करतात.

आमच्या धंद्यात "मंगळवारी या" हे वाक्य म्हणजे रामराम म्हटल्यासारखं आहे, त्याचा मंगळवाराशी काही संबंध नसतो. बाई समोर उभी असते, कापड पिशवीतून बाहेर काढलेलं असतं, नाही म्हणायला जीभ उचलत नाही आणि मंगळवार तेव्हा लांब वाटतो, बास. मग मंगळवारी ती आली की "अगं लाईट नव्हती", "मास्टर गावाला गेला", "फक्त हुक राहिलेत, संध्याकाळी ये". हुक राहिलेत हे सगळ्यात सोयीचं, कारण त्यातून ब्लाउज जवळजवळ झालाय असं वाटतं. खरं तर कापड अजून गाठोड्यातच असतं. मी हे हजार वेळा केलंय, खोटं कशाला बोलू.

तीन वर्षांपूर्वी मेढ्याच्या एक ताई यायच्या, अंगणवाडी सेविका. भाचीच्या लग्नाचे दोन ब्लाउज होते. पहिल्या तारखेला आल्या, झाले नव्हते. दुसऱ्या तारखेला आल्या, एकच झाला होता. तिसऱ्या वेळी दोन्ही मिळाले. भांडल्या नाहीत, पैसे पूर्ण दिले, पावती काउंटरवर ठेवली आणि गेल्या. मी पावती खिळ्याला अडकवायला उचलली तर तिला एसटीची पाच तिकिटं टाचलेली, तीन यायची दोन जायची. बायकांना अर्धं तिकीट झालंय म्हणून पैशाने फार नव्हती ती, पण मी तिथेच बसले. तीन वेळा त्या बाईने अर्धा दिवस मोडला होता, आणि त्यातल्या दोन वेळा मला आदल्या रात्रीच पक्कं माहीत होतं की ब्लाउज होणार नाहीये. फोन नंबर पावतीवर होता. मी केला नाही, कारण शिव्या फोनवर कशाला खा, उद्याच्या उद्या बघू.

त्या परत आल्या नाहीत. त्यांच्या गल्लीतल्या चार-पाचजणी यायच्या, त्याही बंद झाल्या.

मग मी बसून हिशोब केला जो तोवरच्या तेरा वर्षांत केला नव्हता. अस्तरचा साधा ब्लाउज कटिंग धरून दोन-सव्वादोन तास घेतो, कटोरी किंवा प्रिन्सेस कट असेल तर वर अर्धा तास, पायपिन, नॉट, लटकन असलं काही असेल तर आणखी. अस्तर आधी पाण्यातून काढून वाळवावं लागतं नाहीतर पहिल्या धुण्यात आटतं, त्याचा एक दिवस वेगळा. म्हणजे एका कारागिराचे दिवसाला चार. मी मापं घेऊन, कटिंग करून, गिऱ्हाईक सांभाळून दोन. मिळून दहा. आणि वहीत बघितलं तर त्या वर्षी गौरींच्या आधीच्या एका मंगळवारावर मी सत्तावीस ब्लाउज लिहिले होते! सत्तावीस! म्हणजे ज्या दिवशी घेतले त्याच दिवशी सतराजणींना खोटं बोलून झालं होतं, मंगळवारी फक्त ते उघडं पडलं.

आता बँकेने दिलेली फुकटची डायरी वापरते. प्रत्येक तारखेला १ ते ८ आकडे आधीच लिहून ठेवलेत. दहा होतात पण आठच घेते, दोन जागा अल्टरला, लाईटला, आणि कारागिराच्या पोराला ताप येतो त्याला. आठ भरले की तारखेवर आडवी रेघ, मग कुणीही येवो. आणि रोज संध्याकाळी सहानंतर उद्याच्या आठजणींना फोन किंवा व्हॉट्सॲप. झालं असेल तर "या". झालं नसेल तर "येऊ नका, गुरुवारी देते". हा दुसरा फोन करताना पहिले काही महिने माझ्या पोटात गोळा यायचा. पण गंमत अशी की दुकानात उभी राहून जी बाई आकाशपाताळ एक करायची तीच फोनवर "बरं बरं, पण गुरुवारी नक्की हं" एवढंच म्हणते. घरातून निघालेली नसते ना.

उशीर झाला तर शंभर रुपये कमी असंही करून बघितलं, ते अंगलट आलं. काहीजणी "अजून एक दिवस उशीर करा" म्हणून हसायला लागल्या, आणि एक जुन्या काकू चक्क रागावल्या, "मला पैशांची भीक घालतेस का, वेळेवर दे की". बंद केलं.

नुकसान झालं का? झालं. पहिल्या दिवाळीला साठ-पासष्ट ब्लाउज कमी आले, एक कारागीर कंटाळून समोरच्या दुकानात गेला, दुसरा मिळेपर्यंत मीच रात्री बसले. दुसऱ्या वर्षी बरोबरीत आलो. आता तिसरं.

प्रश्न असा की बाहेरच्या बाईला "तारीख बंद आहे" म्हणणं मला जमलं. पण नणंद, शेजारीण, मुलाच्या शाळेतल्या बाई, "अगं आपल्यातलं एक घुसव ना" म्हणणाऱ्या, यांना काय सांगायचं? गौरी तोंडावर आल्यात आणि डायरी भरलीये. धंदेवाल्यांनी सांगा तुम्ही काय करता. गिऱ्हाइकांनीही सांगा, तुम्हाला काय चालेल.

---

पक्या_पेठकर

पहिला मी! ताई छान लिहिलंय, पुढील लेखनास शुभेच्छा. बाकी आमच्या पुण्यात "१ ते ४ बंद" पाटी लावायचे ते याचसाठी, दिलेला शब्द पाळायचा तर असा शब्द द्यायचा जो झोपेत पण पाळता येतो.

---

कोथरूडची_माऊ

पक्या गप रे, चांगल्या धाग्याची वाट लावू नकोस.

सुईदोरा, ती एसटीची तिकिटं वाचून मलाच कसंतरी झालं. मी गिऱ्हाईक म्हणून सांगते, उशिराचा राग कमी असतो, "हुक राहिलेत" चा जास्त. कारण आपण मूर्ख आहोत असं समोरच्याने धरलेलं असतं आणि आपण पण मान डोलावतो. वाचनखूण साठवली.

---

रोकडा_सवाल

लेख आवडला पण जरा दुसरी बाजू मांडतो, राग मानू नका.

माझं फ्लेक्स, पत्रिका, बिलबुकं छापायचं काम आहे, तालुक्याच्या गावी. मी खरी तारीख सांगून बघितली. आठ दिवस म्हटलं की माणूस उठतो आणि पलीकडच्या दुकानात जातो, तो पठ्ठ्या तीन दिवस सांगतो आणि अकराव्या दिवशी देतो. गिऱ्हाईक त्याच्याकडे बसून शिव्या देतं, पण बसतं त्याच्याकडे! ॲडव्हान्स दिला की माणूस अडकला. मग खरं बोलून माझ्या पदरात काय पडलं?

आणि दुसरं म्हणजे गिऱ्हाईक काय हरिश्चंद्र असतं का. सगळे दुकानदार उशीर करतात हे त्याला माहितीये म्हणून तो लग्न वीस तारखेला असलं तरी बारालाच सांगतो. मला माहितीये की तो बारा सांगतोय म्हणजे वीस असेल, म्हणून मी पंधरा धरतो. त्याला माहितीये की मी पंधरा धरणार. असा सगळा पत्त्यांचा डाव चाललेला असतो आणि त्यात एखाद्याचं लग्न खरोखर बारालाच निघालं की तो मेला.

---

सुईदोरा_सातारा

@रोकडा_सवाल, राग कसला, शंभर टक्के खरं आहे. तुमच्या त्या डावावर मी एक उपाय काढलाय, लग्नाचा ब्लाउज असेल तर पत्रिका मागते. "आमंत्रण समजा हो" म्हणते. पत्रिका डायरीच्या त्या पानाला लावते. पहिल्यांदा मागितली तेव्हा एका बाईंनी लाजत सांगितलं की लग्न अजून ठरायचंय, मुलगी बघायला येणारेत :))

तुमचं पलीकडच्या दुकानाचं दुखणं मलाही आहे. समोरचा अजूनही मंगळवारीच बोलावतो. काहीजणी तिकडे गेल्या. काही तिथून कापड उचलून परत माझ्याकडे आल्या, न शिवलेलं, त्यांना मी पुढची तारीख दिली आणि मनातल्या मनात पेढा खाल्ला.

---

पान्हेवाला

नाशिकला प्लंबिंग करतो. जगात सगळ्यात जास्त शिव्या आमच्या जमातीला, म्हणून लिहितोय.

"येतो" म्हणजे काय ते आधी समजून घ्या. प्लंबर येतो म्हणाला म्हणजे तुमचं काम त्याने ऐकलंय, इतकाच त्याचा अर्थ. हसू नका, कारण आहे. ब्लाउजला दोन तास लागतात हे ताईंना माहीत आहे. मला सकाळी नऊला "नळ टपकतोय" म्हणून फोन येतो, मी वायसर टाकून वीस मिनिटांत निघायचं ठरवून जातो, आणि नळाला पान्हा लावला की आतला जीआयचा निप्पल (लोखंडी नळीचा जोडतुकडा) गंजून हातात येतो. आता भिंत फोडल्याशिवाय निघत नाही. तिथे दुपारचे दोन. पुढच्या तीन घरी मी चोर ठरलो.

पूर्वी मी फोनच उचलायचो नाही, आणि सगळ्यात मोठी चूक तीच होती, काम राहणं नव्हे. आता मी घड्याळाची वेळ देतच नाही, खेप देतो. सकाळची खेप, दुपारची खेप. सकाळच्या खेपेत दोनच घरं. आणि पहिल्या घरी अडकलो तर भिंतीला छन्नी लावायच्या आधी पुढच्याला फोन, फोडल्यावर नाही. फोडल्यावर हात सिमेंटने भरतात आणि मग फोन राहतो तो राहतोच.

पण एक गिऱ्हाइकांना पण सांगायचंय. तुम्ही सकाळची खेप मागता, मी जातो, कुलूप. फोन केला तर "अहो आम्ही जरा भाजीला". तुमची अर्धी सुट्टी ती सुट्टी आणि माझं पेट्रोल काय गोदावरीतून येतं?

---

चर्चगेट_स्लो

पान्हेवाले, शेवटच्या पॅराला अनुमोदन. शब्द दोन्हीकडून पाळायचा असतो हे मला मुंबईच्या डबेवाल्याने शिकवलं.

फोर्टात ऑफिस होतं तेव्हा अकरा वर्षं डबा होता. पहिल्या दिवशी मामा घरी आले आणि बायकोला म्हणाले, "साडेनऊला डबा दारात पाहिजे. मी बेल वाजवणार, दोन मिनिटं थांबणार, गाडी थांबत नाही." बायकोला उद्धट वाटला. पण त्याचं म्हणणं बघा, त्याच्या डोक्यावर फक्त माझा डबा नाही, माझ्यामुळे त्याची लोकल चुकली तर पुढची सगळी साखळी मोडते, कारण डबा एकाच माणसाच्या हातात राहत नाही, स्टेशनावर वाटणी होते, पुढचा माणूस वेगळा, पोहोचवणारा तिसराच. हे सगळं झाकणावरच्या रंगाच्या खुणा आणि आकड्यांवर. १८९० पासून चाललंय, ते पण लोकलच्या गर्दीत.

मॅनेजमेंटवाले सिक्स सिग्मा सिक्स सिग्मा (म्हणजे जवळजवळ शून्य चुका) करतात, ते एका अमेरिकन मासिकातल्या लेखावरून पसरलं, सिक्स सिग्माचं सर्टिफिकेट वगैरे कुणी दिलेलं नव्हतं. हार्वर्डवाल्यांनी २०१० मध्ये केस स्टडी केली ती मात्र खरी. मला त्या आकड्यांपेक्षा त्यांच्या सुट्ट्या भारी वाटायच्या. चैत्रात गावच्या जत्रा असतात, मुळशी, मावळ, खेड, जुन्नर त्या बाजूच्या, तेव्हा ही सगळी मंडळी पाचसहा दिवस गावाला. आधी सांगून. अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत डबा येणार नाही. त्या आठवड्यात आम्ही निमूट वडापाव खायचो आणि एकानेही दुसरा माणूस शोधला नाही. "येणार नाही" हे पण ते येण्याइतकंच पक्कं असायचं.

लॉकडाऊनमध्ये लोकल बंद झाली आणि या लोकांचं कंबरडं मोडलं, नंतर ऑफिसं घरून सुरू झाली. आमचे मामा परत आलेच नाहीत, गावाला शेती बघतात.

---

मांडवी

पणजीहून. आमच्याकडे पोदेर असतो, पाव घालणारा. सकाळी सायकलवर पोंपों हॉर्न आला की घड्याळ बघायची गरज नाही. आमचा पोदेर पावसात सुद्धा, टोपलीवर निळं प्लास्टिक घालून येणारच. एकदा भट्टीच्या घरी मयत झालं तर तो आदल्या संध्याकाळी दारोदार सांगून गेला, उद्या पाव नाही. त्या घरात माणूस गेलेलं आणि हा सायकलवर पाव नाही सांगत फिरतोय. आई अजून ती गोष्ट सांगते.

कधीकधी उंडे (गोल पाव) कमी असतात, तर आधी रोजच्या घरांना, मग उरले तर रस्त्यावरच्याला. कितीही ओळखीचा असू दे. सुईदोराबाई, हे तुमच्या नणंदेला उत्तर होऊ शकतं का बघा, रोजची घरं आधी.

---

सराफकट्टा

"सोनार, शिंपी, कुळकर्णी अप्पा, यांची संगत नको रे बाप्पा" ही म्हण आमच्या दुकानात गिऱ्हाईकच ऐकवतं, त्यातले पहिले आम्ही. वाईट वाटून घ्यायचं सोडून दिलंय. जुन्या माणसांनी काही कारणानेच केली असणार, तिघांच्याही हातात लोकांची वस्तू अडकते आणि आत काय चाललंय ते दिसत नाही. शिंप्याकडे कापड, आमच्याकडे सोनं, कुलकर्ण्याकडे सातबारा.

आजोबांच्या वेळी पत म्हणजे तोंडी होती. "परत आणलंत तर तूट न धरता घेईन" म्हणायचे आणि घ्यायचे, वहीत नोंद सुद्धा कधी असायची कधी नसायची. आता १६ जून २०२१ पासून टप्प्याटप्प्याने हॉलमार्क सक्तीचं झालं, १ एप्रिल २०२३ पासून सहा अक्षर-आकड्यांचा एचयूआयडी असल्याशिवाय दागिना विकताच येत नाही, ज्या जिल्ह्यांत सक्ती आहे तिथे. गिऱ्हाईक काउंटरवर उभं राहून बीआयएस केअर ॲपमध्ये नंबर टाकून बघतं. पहिल्यांदा एका मुलीने माझ्यासमोर तसं केलं तेव्हा अपमान वाटला, तिच्या आजीने आमच्याकडून नथ केली होती हो. वडील म्हणाले बघू दे तिला, लपवायचं काय आहे.

पण शुद्धतेचा प्रश्न नंबराने सुटला तरी तारखेचा सुटला नाही. मंगळसूत्राची ऑर्डर घेतली की घडवणारा कारागीर वेगळा, पॉलिश वेगळं, हॉलमार्क सेंटर वेगळं. तीन ठिकाणी माल फिरतो आणि गिऱ्हाइकाला शब्द दिलाय फक्त मी. त्यामुळे आता आम्ही लग्नाच्या ऑर्डरला स्वतःच्या मनाने चार दिवस आधीची तारीख कारागिराला सांगतो. हो हो रोकडाशेठ, तुमचाच पत्त्यांचा डाव, मान्य.

---

रोकडा_सवाल

हाहाहा! सापडले शेठ.

---

वकिलीणबाई

थोडं कोरडं लिहिते. बरेच दुकानदार पावतीवर "विकलेला माल परत घेतला जाणार नाही" छापतात आणि त्यांना वाटतं आपण सुटलो. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ (लागू २० जुलै २०२०) प्रमाणे सदोष माल परत न घेणं, पावतीवर मुदत असेल तर तेवढ्यात आणि मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवसांत, ही अनुचित व्यापारी प्रथा धरली जाते. सेवेतली कसूर वेगळी, त्यात शिलाई पण येऊ शकते. तक्रारीला १९१५ हेल्पलाइन आहे. रोकडा_सवाल, तुम्ही बिलबुकं छापता म्हणून मुद्दाम लिहिलं, ते वाक्य तुमच्याकडेच छापलं जात असणार.

बाकी माझ्या अनुभवात ब्लाउजसाठी कुणी आयोगापर्यंत जात नाही. लोक फक्त जायचं बंद करतात. आणि ते का बंद झाले हे दुकानदाराला कधी कळत नाही, सुईदोराला ती तिकिटं मिळाली हे तिचं नशीब.

---

एडिसनकर

न्यू जर्सीहून. इथे केबलवाला पण "१२ ते ४ च्या मधे" सांगतो आणि ४ वाजून ५ मिनिटांनी येतो, तेव्हा फार हुरळू नका. पण एक वेगळा मुद्दा. इथे डॉमिनोजची ३० मिनिटांत पिझ्झा नाहीतर फुकट अशी हमी होती, नंतर तीन डॉलर कमी अशी केली. १९९३ मध्ये डिलिव्हरीच्या गाडीने केलेल्या अपघाताच्या खटल्यात ज्युरीने प्रचंड भरपाई ठरवली आणि त्यांनी अमेरिकेत ती हमी बंद केली. शब्द कंपनीने दिला, गाडी पळवली पोराने. तिकडे दहा मिनिटांत किराणा वगैरे चालू झाल्यापासून मला तेच आठवतं. दिलेला शब्द कुणाच्या जिवावर पाळतोय हे पण बघायला पाहिजे ना?

---

सुईदोरा_सातारा

@एडिसनकर, तुमची कमेंट काल रात्री वाचली आणि झोप नाही आली. खरं सांगते.

डायरी सुरू करण्याआधी सीझनला मी अधूनमधून वेळेवर द्यायचेही, नाही असं नाही. पण कसं? कारागिरांना रात्री दोनपर्यंत बसवून. पीसवर असतात त्यामुळे तेही बसायचे, चहा आणि क्रीमरोल आणून दिला की झालं. एकदा एकाची सुई बोटातून आरपार गेली, रात्री एकला. त्याने बोट चोखून फडकं बांधलं आणि पुढचा ब्लाउज घेतला. तो मोतिया रंगाचा होता, आतल्या अस्तरावर टिपका राहिला तो मी साबणाने काढला. त्या गिऱ्हाइकाने माझं किती कौतुक केलं वेळेवर दिला म्हणून. जो सोडून समोर गेला म्हटलं ना तो हाच.

आता रात्री साडेआठला मशीन बंद. आठचा आकडा ठरवताना मी गिऱ्हाइकाचाच विचार केला होता, हे डोक्यात नव्हतं. पण झालं खरं.

आरी वर्कचं (भरतकामाचं) मात्र अजून जमलेलं नाही. ते बाहेर देते, तो माणूस सराफकट्टांच्या पॉलिशवाल्यासारखा, "परवा" शिवाय शब्द नाही. त्याचे ब्लाउज मी डायरीत घेतच नाही आता, वेगळ्या पानावर, आणि तारीख देत नाही. "हातात आल्यावर फोन करते, त्यानंतर चार दिवस." दोघीजणी चिडून गेल्या. जाऊ देत, जे माझ्या हातात नाही त्याची तारीख मी कुठून आणू.

---

पान्हेवाला

ताई त्या पोराला समोरून परत बोलवा.

---

सुईदोरा_सातारा

बोलावलं होतं. म्हणाला "तिकडे पीस जास्त मिळतात". त्याचंही बरोबर आहे, घर चालवायचंय त्याला.

---

पक्या_पेठकर

बरं सीरियसली. नातेवाइकांचं उत्तर कुणीच दिलं नाही, मांडवी सोडून. माझ्या मावशीची पोळीभाजी केंद्राची पद्धत सांगतो. तिने रोज दहा पोळ्या "घरच्या" म्हणून वेगळ्या काढल्या होत्या. कोण नातेवाईक, शेजारी आयत्या वेळी आला की त्यातून. दहा संपल्या की संपल्या, मग सख्खा भाऊ आला तरी "उद्या लवकर ये". आणि त्या दहाचे पैसे पूर्ण घ्यायची. फुकट मागणारे आपोआप कमी झाले म्हणते.

---

कोथरूडची_माऊ

पक्या चक्क कामाचं बोलला, धागा जपून ठेवा.

---

सुईदोरा_सातारा

धागा वर काढते. गौरी झाल्या, नवरात्र झालं, दिवाळी तोंडावर आहे.

पक्यादादा, मावशींची पद्धत उचलली. आठाखाली एक नववा आकडा लाल पेनाने लिहिला, तो घरचा. शिलाईचे पैसे पूर्ण. नणंदेने पहिल्या दिवशी तोंड वाकडं केलं, पण नऊ नंबर तिनेच पकडला आणि मग जावेला ती स्वतःच सांगत होती की "अगं त्या दिवसाचा नववा गेला". शाळेच्या बाईंना मात्र सरळ नाही म्हणावं लागलं, तो अर्धा मिनिट फार लांब होता. त्यांनी पुढच्या महिन्यातली तारीख घेतली.

सगळं गोड नाही. गौरीच्या आधी दोन दिवस लाईटचा घोळ झाला, सहाजणींना "येऊ नका" चे फोन करावे लागले, त्यातल्या दोघींचे ब्लाउज गौरीला मिळालेच नाहीत. एकीने माझ्याशी बोलणं टाकलंय. दुसरीने जुनाच घातला गौरीला आणि फोटो पाठवला, खाली लिहिलं, "देवी रागावली नाही, पण मी थोडी".

मेढ्याच्या ताईंना मी मागच्या महिन्यात फोन केला होता. नंबर पावतीवर होताच. काय बोलायचं ठरलं नव्हतं, म्हटलं मी अमुक, तुमची तिकिटं अजून माझ्याकडे आहेत. त्या जरा वेळ गप्प होत्या, मग म्हणाल्या आता मेढ्यातच एकजण शिवते, बरं शिवते. म्हटलं छान. मग अर्धा तास अंगणवाडीच्या पगारावर बोललो.

---

रोकडा_सवाल

मी पण कळवतो. दिवाळी ऑर्डरला दोन तारखा द्यायला लागलोय, एक प्रूफ दाखवायची, एक मालाची. प्रूफ वेळेवर दाखवलं की माणूस निम्मा शांत होतो. पलीकडचा अजून तीन दिवसच सांगतो. आणि वकिलीणबाई, ते "परत घेतला जाणार नाही" वालं वाक्य मी गिऱ्हाइकाला विचारून गाळायला लागलोय, दहातले आठ म्हणतात राहू दे, शोभा येते.

---

कोथरूडची_माऊ

सुईदोरा, एवढं सगळं वाचून मी तुझ्याकडेच शिवायचं ठरवलंय, पुण्याहून कुरिअर करेन म्हटलं होतं ना व्यक्तिगत निरोपात. पाडव्याला नेसायचीये ती साडी. माझा ब्लाउज कधी मिळणार मग?

---

सुईदोरा_सातारा

१८ तारखेचा पाच नंबर तुमचा लिहून ठेवलाय. १७ ला संध्याकाळी सहानंतर फोन करते.

पण माऊताई, तुम्ही सोमवारी कुरिअर करते म्हणाला होतात, आज शुक्रवार. कापड अजून आलेलं नाही.